आडवी तार, उभा खांब

दोन भाषा शिकवण्याचा एक फायदा असा की शब्द एकमेकांची झडती घेतात. मराठीत आपण उभी आणि आडवी म्हणतो. भूमितीच्या पुस्तकात आडवीला क्षितिजसमांतर. उर्दूत उभी म्हणजे अमूदी, आडवी म्हणजे उफुकी. उफुक म्हणजे क्षितिजच. दोन्ही भाषांनी आडव्या रेषेचं नातं क्षितिजाशी जोडलं. हॅम रेडिओच्या अँटेनाचा व्यवहार मात्र उलटा आहे. जमिनीजवळ बांधलेली आडवी तार आपला बराचसा आवाज सरळ वर आभाळात पाठवते आणि उभा खांब तो क्षितिजाकडे पाठवतो.

साखऱ्यात माझ्या घरावर आहे ती आडवी तार. ७ मेगाहर्ट्झसाठी साधारण २० मीटर लांब, मधोमध केबल जोडलेली. एक टोक घरावरच्या लोखंडी पाइपला, दुसरं कडुलिंबाला. उंची सात-आठ मीटर.

मामूंनी ती पाहिली आणि विचारलं, "डर के नीच्चे बांधा क्या रे?" त्यांचा प्रश्न अँटेनाबद्दल नव्हता. आमच्या नावाचा माणूस घरावर खांब उभारून परमुलखाशी बोलतो म्हटलं की चार प्रश्न निघतात. "सर, कुणाशी बोलता?" हा त्यातला सगळ्यात सभ्य. त्याचं उत्तर सोपं आहे. केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो, बोलताना आपली कॉलसाइन सांगावी लागते, सांकेतिक भाषेला बंदी असते आणि रेडिओ असलेला कुणीही ऐकू शकतो. मोबाइलवरच्या गप्पांपेक्षा हे कितीतरी उघडं बोलणं आहे.

मामूंना मात्र मी दुसरं उत्तर दिलं. तार खाली आहे, कारण मला जवळच्यांशी बोलायचं आहे.

कारंज्याचं तोंड सरळ वर असलं की पाणी आजूबाजूलाच पडतं. तसंच हे. आडवी तार तरंगलांबीच्या पाव भागाएवढ्या किंवा त्याहून कमी उंचीवर असली की लहरी वर जातात, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरावरून परततात आणि भोवतालच्या तीन-चारशे किलोमीटरांत उतरतात. दिवसा बहुधा ७ मेगाहर्ट्झ चालतो, रात्री ३.५ वर यावं लागतं. मध्ये डोंगर आला तरी अडत नाही.

उभा खांब जमिनीलगत बोलतो. त्याची लहर तिरपी जाऊन हजारो किलोमीटरांवर उतरते. ७ मेगाहर्ट्झला दहा मीटरचा खांब पुरतो. आडव्या तारेकडून तेच काम घ्यायचं तर ती वीस मीटर किंवा त्याहून उंच टांगावी लागेल. चार खांब चौकोनात सुमारे साडेदहा मीटरवर उभे करून त्यांना ठरावीक अंतराने मागेपुढे वीज दिली, तर एका दिशेचा आवाज वाढतो, मागचा दबतो आणि बटणाने दिशाही बदलता येते. दूरदेशी बोलणाऱ्यांना अशी रचना फार प्रिय. पण खांबाखाली तारांचं जाळं अंथरावं लागतं, नाहीतर बरीच शक्ती मातीतच जिरते. हळद-सोयाबीनच्या रानात ते जाळं नांगराला किती दिवस पुरणार? शिवाय मोटारी, चार्जर, विजेच्या तारा यांची खरखर उभा खांब जास्त उचलतो.

खांबाची मोठी उणीव वेगळीच आहे. त्याची जवळची लहर थोड्या अंतरातच विरते आणि आभाळातून परतणारी लांब उतरते. मधला पट्टा मुका राहतो. तो माणूस परदेशाशी बोलेल. परभणीला मात्र त्याचा आवाज पोहोचेलच असं नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोहोचवण्याचं काम केलं. किल्लारी इथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नेमक्या त्या मुक्या पट्ट्यातली. आमचा जिल्हाही शांत नाही. १० जुलै २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक जमिनीखालचे आवाज वर्षानुवर्षं ऐकत आहेत. मोठा धक्का बसला तर टॉवरची वीज जाईल आणि उरलेल्या टॉवरवर सगळ्यांचे फोन एकदम तुटून पडतील. त्या दिवशी कुणाला रक्त हवं, कुठला रस्ता बंद आहे, हे वाशीम, नांदेड, लातूरला सांगायला गाडीची बॅटरी, एक रेडिओ आणि कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी खाली बांधलेली तार पुरेल.

उभा खांबही मी उभारणार आहे. सोयाबीन निघालं की विहिरीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा. दूरच्या माणसाचा सलाम ऐकण्यात आनंद आहेच. पण पहिली तार शेजारहक्काची. तहसीलच्या गावी जिथे एखादा परवानाधारक असेल, त्याने अशी एक तार आजच बांधून ठेवावी. तांब्याची वीस मीटर तार, केबल आणि दोन दोऱ्या, एवढंच मुख्य सामान लागतं.