मीठ दोनदा पडलं!

लग्नात, गेट-टुगेदरला कुणी ना कुणी विचारतंच, 'तू नक्की काय काम करतेस गं?' माझं उत्तर ठरलेलं. 'मी मोजते.' म्हणजे असं, की तुम्ही ऑनलाइन जाहिरात बघता, क्लिक करता आणि काहीतरी विकत घेता. ती खरेदी कुठल्या जाहिरातीमुळे झाली, याची नीट नोंद होतेय ना, हे बघणं माझं काम. एकदम सोप्पं! मसालेवाल्या काकू भेटेपर्यंत मलाही असंच वाटायचं.

काकूंचा पुण्यात घरगुती मसाल्यांचा धंदा. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट. वेबसाइट भाच्याने करून दिलेली. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाहिरातींचं काम आमच्या छोट्याशा एजन्सीकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. मी पहिल्याच दिवशी जरा शायनिंग मारत गूगल टॅग मॅनेजरचा कंटेनर बसवला.

'हे काय असतं?' काकूंनी विचारलं.

'तुमचा मिसळणाचा डबा असतो ना, तसं. कंटेनर म्हणजे डबा, टॅग म्हणजे आतल्या वाट्या. एक वाटी वेबसाइटवर आलेली माणसं मोजते, एक खरेदी मोजते. तिला म्हणायचं कन्व्हर्जन टॅग.'

पूर्वी प्रत्येक टॅग वेबसाइटच्या कोडमध्ये वेगळा चिकटवावा लागायचा. दर वेळी डेव्हलपरच्या मिनतवाऱ्या! २०१२ मध्ये गूगलने हा डबा आणला. तो कोडमध्ये एकदाच बसवायचा. पुढे नवी वाटी हवी असली की डबा उघडायचा, वाटी ठेवायची, 'पब्लिश' करायचं.

'म्हणजे नुसता डबा बसवून काही मोजलं जाणार नाही?'

काकूंना पाच मिनिटांत कळलेली ही गोष्ट भल्याभल्यांना कळत नाही. कंटेनर बसवतात आणि आकडे यायची वाट बघत बसतात. रिकाम्या डब्याने आमटीला चव कशी येणार? आत टॅग हवा आणि तो नेमका कधी चालवायचा, हे सांगणारा ट्रिगरही हवा.

मी दोन्ही केलं. जाहिरातीच्या खात्यातला कन्व्हर्जनचा आयडी आणि लेबल घेऊन टॅग बनवला. ऑर्डर झाल्यावर जे 'धन्यवाद' म्हणणारं पान येतं, त्यावर ट्रिगर लावला. पब्लिश. घरी गेले.

पुढच्या आठवड्यात कन्व्हर्जन्स दुप्पट! बॉस खूश, मी हवेत. रिपोर्ट काकूंना पाठवला. त्यांनी त्यावर विसंबून ब्याडगी मिरचीची दोन पोती जास्तीची घेतली आणि निवडण्या-भाजण्याला एक बाई ठेवली. बोली लावणारी ऑटोमॅटिक यंत्रणाही फसली. तिच्या हिशेबाने प्रत्येक ऑर्डर आता निम्म्या खर्चात मिळत होती. मग काय, तिने बोली वाढवली. जाहिरातीचा खर्च चढायला लागला.

तिसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन. 'अगं, तुझ्या रिपोर्टात जाहिरातीतून आलेल्या ऑर्डरी ७६. माझ्या वहीत वेबसाइटच्या सगळ्या मिळून ५२. असं कसं?'

पोटात गोळाच आला. लगेच स्वतःच्या कार्डावर अर्धा किलो गोडा मसाला मागवला आणि 'धन्यवाद'च्या पानाचा सोर्स उघडून बघितला. भाच्याने जाण्याआधी थेट पानात लिहिलेला कन्व्हर्जन टॅग तिथे ठाण मांडून बसला होता. तोच आयडी, तेच लेबल. माझा टॅग डब्यातून चालत होता, त्याचा पानातून. खरेदी एक, नोंदी दोन. त्यातून दोन्ही टॅग ऑर्डरचा नंबर पाठवत नव्हते. तो पाठवला असता तर एकाच नंबरची दुसरी नोंद गूगलने धरलीच नसती.

७६ चे निम्मे ३८. आधी होतं तेवढंच.

बॉस म्हणाला, 'जुना कोड काढ, पुढच्या महिन्यात आकडे आपोआप खाली येतील. सीझन संपला म्हणून सांगू.' मी जुना कोड काढला, ऑर्डरचा नंबर जोडला. पण रात्रभर ती दोन पोती डोळ्यांसमोर. पावसाळा तोंडावर आणि मिरचीला ओल लागायला कितीसा वेळ लागतो?

सकाळी काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'म्हणजे सासूने आमटीत मीठ घातलं, सुनेने न चाखता पुन्हा घातलं.' मला हसायला आलं नाही. त्यांनाही नाही. 'मिरचीचं बघते मी. घाऊकात काढीन. पण त्या बाईला काय सांगू?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंनी तिला आठवड्यातून तीन दिवसांवर ठेवलं. जाहिरातीवर झालेला जादा खर्च आमच्या फीमधून वळता करायला मी बॉसला लावलं. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

आता नवं काम आलं, की मी आधी डबा काढत नाही. आधी आमटी चाखते. पानात कुठले टॅग आहेत ते बघते, स्वतः एक ऑर्डर देते, नोंद एकच होते ना ते तपासते. आणि दर एक तारखेला काकूंना फोन करते. त्या वही वाचतात, मी स्क्रीन. आकडा जुळला, की मगच रिपोर्ट जातो.