दाताची साक्ष

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यासारख्या जुन्या वस्तीत एखादी गृहिणी सूप घेऊन धान्य निवडायला बसते, तेव्हा तिची नजर दाण्यांवर नसते. ती खड्यावर असते. हजार दाण्यांतला एक वेगळा कण तिला अचूक दिसतो. जीवाश्मांच्या अभ्यासकाचे काम याहून फार निराळे नाही. तो मात्र जो कण शोधतो, तो कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याचा दात असतो.

आरंभीचे सस्तन प्राणी बहुतेक उंदराएवढे किंवा त्याहूनही लहान होते. त्यांची नाजूक हाडे मातीत विरून जात. दातावरचे एनॅमल मात्र शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य, ते टिकले. म्हणून जबड्याचा तुकडा आणि चार-दोन दात एवढ्यावरच प्राण्याचे कूळ ठरवावे लागते. सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात सामान्यतः एकाच घडणीचे आणि खालचा जबडा अनेक हाडांचा असतो. सस्तन प्राण्याचे पुढचे दात, सुळे आणि दाढा वेगवेगळ्या असतात, आणि खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस एकच हाड असते. शिवाय पुष्कळ सस्तनांच्या वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात, उखळात मुसळ बसावे तसा बसतो. त्या उंचवट्यांची संख्या, जागा आणि झीज यांवरून नाते जुळवले जाते.

याच दख्खनच्या पठारावर, हैदराबादच्या पश्चिमेस नास्कल नावाचे गाव आहे. सह्याद्री ज्या लाव्ह्याने घडला, त्याच लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तेथे गाळाची माती सापडते. ती भिजवून, चाळून, उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली निवडताना मोहरीच्या दाण्याएवढे दात मिळाले. १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी ते प्रसिद्ध केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉरच्या अखेरच्या काळातील तो सस्तन प्राणी. त्याचे नाव ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी’, म्हणजे हिस्लॉपचा दख्खनी लुटारू! स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रसारासाठी आलेल्या या माणसाने विदर्भातील खडकांतून जीवाश्म गोळा केले. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला.

नाव ठरले, पण कूळ ठरेना. प्रथम त्याला कीटकभक्षी प्राण्यांच्या एका प्राचीन कुळात बसवले गेले. १९९४ मध्ये त्याच्याच मानलेल्या घोट्याच्या हाडांचे वर्णन झाले. ती झाडावर चढणाऱ्या प्राण्याची वाटली, आणि माकडांच्या दूरच्या पूर्वजांशी त्याचे नाते सांगितले जाऊ लागले. पुढे युरोप-आफ्रिकेतील तशाच दातांशी तुलना झाली. २०११ च्या एका अभ्यासाने त्याला आजच्या अपरायुक्त सस्तनांच्या वंशाबाहेर, एका जुन्या शाखेवर ठेवले.

हे मतभेद कुळापुरते होते. मध्य प्रदेशातील शहडोल जिल्ह्यात, टिकी येथे मिळालेल्या एका दाढेची गोष्ट अधिक बोलकी आहे. २००५ साली तिच्या आधारे ‘टिकीथेरियम’ हा प्राणी वर्णिला गेला. वय सुमारे बावीस कोटी वर्षे. इतक्या जुन्या काळी इतकी रुंद, प्रगत दाढ! या आश्चर्यावर अनेकांनी तर्क उभारले. २०२४ मध्ये आव्हेरियानोव्ह आणि व्होयता या रशियन अभ्यासकांनी दाखवले, की ती दाढ एका चिचुंद्रीची आहे आणि तिचे वय फार तर दोन कोटी तीस लाख वर्षे असेल. जवळजवळ वीस वर्षे चिचुंद्रीला डायनोसॉरच्या आरंभकाळात जागा मिळाली होती, आणि ही चूक कोणाच्या अप्रामाणिकपणाची नव्हती. दात एकच होता.

डेक्कनोलेस्टेसचे दात मात्र नास्कलखेरीज इतर ठिकाणीही, लाव्ह्याच्या थरांमधील गाळातच मिळाले आहेत. त्यामुळे त्याच्या काळाविषयी वाद राहिला नाही. वाद राहिला तो नात्याचा.