घाटाखालचे मैदान

कर्जतचे नाव काढले की मुंबईकराच्या तोंडाला पाणी सुटते, ते फलाटावरच्या बटाटेवड्यामुळे. पुण्याची गाडी थांबते, तिला घाट चढवण्यासाठी मागून इंजिने जोडली जातात आणि तेवढ्या वेळात डब्यातली मंडळी वड्याचा कागद हाती धरून पुन्हा जागेवर येतात. कर्जतची आणि आपली ओळख बहुधा एवढीच. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर गेली, तेव्हापासून कर्जत हे थांबण्याचे ठिकाण, उतरण्याचे नव्हे.

मी मात्र रोज उतरतो. डोंबिवलीहून लोकलने यायचे आणि इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवायचे, हा माझा अनेक वर्षांचा क्रम. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, एकदा आमच्या मैदानावर या ना. पळायचं जमतं मला, पण समास काही सुटत नाहीत."

ती पोलीस भरतीची तयारी करीत होती. आदल्या भरतीत मैदान तिने मारले होते, पण लेखी परीक्षेत थोडक्यात हुकली. त्या शंभर गुणांच्या परीक्षेत गणित, सामान्यज्ञान आणि बुद्धिमत्ता यांच्या जोडीला मराठी व्याकरणही असते. म्हणजे तिच्या अपयशाचा धागा कुठेतरी माझ्या विषयापर्यंत येऊन पोचत होता. जाणे भागच होते.

रविवारी पहाटेच्या गाडीने निघालो आणि कर्जतला खोपोलीची लोकल धरली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. अवघ्या पंधरा किलोमीटरांचा फाटा. दोन्ही अंगांना कापलेले भात आडवे पडलेले, वर धुक्याची पातळ दुलई आणि समोर सह्याद्रीची काळी भिंत. खोपोलीपाशी घाट असा अंगावर येतो की मान वर केल्याशिवाय माथा दिसत नाही.

गावाबाहेरच्या मैदानावर तीस-चाळीस मुलेमुली पळत होती. कुणाच्या पायांत नवे बूट, तर कुणाचे पाय अनवाणी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मुलीने आठशे मीटर दोन मिनिटे पन्नास सेकंदांत कापले तर वीसपैकी वीस गुण. शिट्टी आणि घड्याळ घेऊन एक सेवानिवृत्त फौजदार उभे होते. ते मुलांकडून पैसे घेत नाहीत. सगळे त्यांना काकाच म्हणतात.

"सर, पळणं म्हणजे नुसतं दार," घाटाकडे बोट करून काका म्हणाले, "खरं घडवतात ते आत गेल्यावर. ह्या घाटाच्या माथ्यावर, खंडाळ्यात, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. पोरं सकाळी इथं आली की आधी तिकडं बघतात."

शिपायांची अशी केंद्रे राज्यात ठिकठिकाणी आहेत. फौजदार घडवणारी अकादमी नाशिकला. ती १९०६ साली पुण्याच्या भांबुर्ड्यात सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. काकांच्या वेळी शिपायाचे प्रशिक्षण नऊ महिन्यांचे होते. पहाटे कवायत, मग शस्त्रे, दुपारी कायद्याचा तास. "कवायतीनं पाय सरळ होतात," काका म्हणाले, "कायद्याच्या तासाला मात्र निम्मी पोरं पेंगतात. अन् पुढं तीस वर्षं तोच तास कामाला येतो!"

त्या मैदानावर उभे असताना मला दुसरीच गोष्ट आठवत होती. याच कर्जत तालुक्यातल्या माथेरानचे भाई कोतवाल आपला आझाद दस्ता घेऊन रानात उतरले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांच्याबरोबर हिराजी पाटीलही गेले. त्या काळी खाकी दिसली की इथली माणसे रानाकडे पळत. आज त्यांचीच नातवंडे-पतवंडे खाकी मिळावी म्हणून पळत आहेत. राज्य आपले झाले, गणवेश आपला झाला. पण त्या गणवेशाची धास्ती सगळी गेली असे मात्र म्हणवत नाही.

पळून झाल्यावर मुलगी घाम पुसत जवळ येऊन बसली. मी विचारले, "अगं, पण तुला पोलीसच का व्हायचंय?"

ती मूळची चौकच्या बाजूची. सरावासाठी खोपोलीला मावशीकडे राहते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती तिच्या गावापासून फार लांब नाही. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पावसात, चिखलात, जो तो पायीच वर चढला. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

"आम्ही खाली पाणी अन् भाकऱ्या घेऊन गेलो होतो," ती म्हणाली. "तिथं एक पोलीस ताई एका ठाकरीण आजीजवळ चिखलात बसलेली. घरातल्या एकेकाचं नाव विचारायची, लिहायची, परत वाचून दाखवायची. आजी म्हणाली, नाव चुकलं. ताईनं खोडलं नि पुन्हा लिहिलं. सर, त्या माणसांचं नंतर नावच तेवढं राहिलं."

मला पुढे काही विचारता येईना. मग मी वही काढली आणि म्हणालो, "समास नंतर बघू. आधी एक फिर्याद लिही."

फिर्याद माझ्या आईची होती. काही वर्षांपूर्वी तिचे मंगळसूत्र भर रस्त्यात खेचले गेले. आम्ही एका ठाण्यात गेलो. आई रडत रडत सांगत होती. कागदावर उतरले ते असे : 'अज्ञात इसमाने सदर महिलेच्या गळ्यातील पिवळ्या धातूचे मंगळसूत्र जबरीने खेचून नेले.' वाचून आई संतापली. "पिवळा धातू कसला मेल्या? माझ्या आईनं घातलेलं सोनं आहे ते!" पारख झाल्याशिवाय सोने म्हणता येत नाही, हा ठाण्याचा रिवाज मला पुढे कळला, त्यात तथ्यही आहे. पण तो लेख आईला वाचून दाखवला नव्हता, मीच हाती घेऊन वाचला. तोंडी फिर्याद लिहून घेऊन ती फिर्यादीला वाचून दाखवावी, असे जुना कायदा सांगत होता. १ जुलै २०२४ पासून आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिताही तेच सांगते. कायदा बदलला, हे कलम टिकले. ऐकून घेणे, लिहिणे, वाचून दाखवणे : माझ्या मते हीच पोलिसाची सर्वांत अवघड कवायत, आणि तिला सेकंदांचे घड्याळ नाही.

मुलगी मान खाली घालून लिहू लागली. दोन ओळी झाल्यावर थांबली.

"सर, आजींना गळ्याला लागलं होतं का हो?"

लागले होते. मानेवर बारीक वळ उठला होता, तो आठ दिवस गेला नाही. त्या दिवशी ठाण्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि खरे सांगायचे तर मीही विचारला नव्हता.

परतीच्या लोकलमध्ये मी तिची वही तपासली. एक वेलांटी चुकली होती आणि 'हिसकावून' मधला 'हि' दीर्घ झाला होता. लाल पेनाने दोन्ही दुरुस्त केले. बाकी फिर्यादीला हात लावण्याची गरज नव्हती. कर्जत आले. या खेपेला मीही एक वडा घेतला आणि मागे वळून घाटाकडे पाहिले. धुके विरले होते.