झाशीच्या गच्चीवरचा टोमॅटो

झाशी म्हटले की किल्ला, कडकबिजली तोफ आणि राणी लक्ष्मीबाई डोळ्यांपुढे उभी राहते. पण जानेवारीत येथे येणाऱ्याने किल्ला पाहून झाल्यावर जुन्या वस्तीत जरूर फिरावे. कुंड्यांत, फुटक्या बादल्यांत, तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली टोमॅटोची रोपे दिसतील.

1842 साली लक्ष्मीबाईंचे लग्न येथल्याच गणेश मंदिरात लागले. नेवाळकरांच्या काळात आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही शहरात आहेत. बाजारात ते ‘टमाटर’ मागतात, घरी मात्र त्याचे सार करतात. आणि साराला घरचाच टोमॅटो हवा, असा गृहिणींचा आग्रह असतो.

हा आग्रह निव्वळ कौतुकाचा नाही. बाजारातला संकरित टोमॅटो ट्रकचा प्रवास सोसावा म्हणून जाड सालीचा, टणक निवडलेला असतो. तो जेमतेम रंग धरू लागताच तोडतात. वाटेत लाल होतो खरा, पण झाडावरच्या शेवटच्या दिवसांत मुरणारी गोडी आणि वास त्याला मिळत नाही. सगळी फळे एकसारखी लाल व्हावीत म्हणून निवडलेल्या वाणांत साखर बनवण्याची क्षमताच कमी झाली, असे 2012 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. देठाजवळ हिरवट राहणारा, ओबडधोबड देशी टोमॅटो म्हणूनच चवीला सरस. उरलासुरला वास आपला फ्रिज घालवतो! 12 अंशांखालच्या थंडीत टोमॅटोचा सुगंध मरतो. पिकलेली फळे बाहेर टोपलीतच ठेवावीत.

घरच्या टोमॅटोचेही नखरे आहेत. साल पातळ, लगेच तडकते, दोन दिवसांत फळ मऊ पडते. येथली ‘राकड’ नावाची तांबडी, खडेदार माती पाणी धरत नाही, त्यामुळे कुंडीत शेणखत सढळ हाताने मिसळावे लागते. मात्र फळे भरल्यावर पाणी थोडे आखडते घेतले, तर गोडी वाढते. बुंदेलखंडी घरांत गक्कड-भर्त्यासाठी हाच टोमॅटो वांग्याबरोबर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. त्या खमंग, आंबटगोड चवीपुढे बाजारचे फळ नुसते पाणचट लागते.

बी सप्टेंबरात टाकले की डिसेंबरपासून होळीपर्यंत चंगळ. पुढे पारा 35 अंशांवर गेला की फुले गळू लागतात, आणि मे महिन्यात तर तो 45 ला टेकतो. तेव्हा बाजाराशिवाय गती नाही. जुलै 2023 मध्ये देशभर टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, त्या महिन्यात कुंडीतही फळ नसते. अशा दिवसांत झाशीच्या मराठी घरांतले सार आमसुलाचे होते.