भिजलेलं धान्य वर

येझदी विकायचं ठरलं तेव्हा किमतीपेक्षा मोठा वाद झाला तो गिऱ्हाइकाला किती सांगायचं यावर.

आम्ही मणेर. अब्बा बांगड्यांच्या पेट्या कॅरिअरला बांधून मिरजेहून जत, कवठेमहांकाळकडच्या बाजारांना जायचे. रस्ते म्हणजे खडी नाहीतर फुफाटा. तिथून काचेचा माल शाबूत नेणारी ही 250 सीसीची गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, 1981 ची. कारखाना 1996 मध्ये बंद पडला. अब्बा थकल्यावर गाडीही कोपऱ्यात पडली. त्यांच्या इंतकालनंतर मी ती दुरुस्त करायला घेतली. दोन वर्षं लागली.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळतात. ते कमी पडलं की पिस्टन सिलिंडरला घासतो. मग बोअर करून मोठा पिस्टन घालायचा. आमच्या गाडीचा बोअर आता शेवटच्या साईझवर आलाय. पुढच्या वेळी स्लीव्हच घालावी लागेल. सीटखाली चेसीला वेल्डिंग आहे. नव्या रंगाखाली ते दिसत नाही.

पुण्याहून एक तरुण आला. गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, हे बघून तो हरखला. "व्हिंटेज आहे ना, चाचा?" मी म्हणालो, "2021 च्या सरकारी नियमात 50 वर्षांच्या पुढची गाडी व्हिंटेज. ही नुसती जुनी." मग बोअर आणि वेल्डिंगचंही सांगितलं. त्याने 15,000 कमी केले.

धाकटा भाऊ चिडला. पैसे अम्मीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला हवे होते. "त्याने मिस्त्री आणला नाही, ही त्याची चूक," तो म्हणाला. पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतलं धान्य ओलं लागलं, तेव्हा व्यापाऱ्याला ते वर ठेवायला सांगितलं, ही हदीस त्यालाही पाठ आहे. पण ऑपरेशनची तारीख जवळ होती, आणि त्याची काळजी खोटी नव्हती.

अम्मी एवढंच म्हणाली, "तुझे अब्बा बांगडी वाजवून द्यायचे. तडा असला की आवाज बद्द येतो. तो गिऱ्हाइकाला ऐकवायचे."

फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या. कमी पडलेले पैसे भिशीतून उचलले. अम्मी आता जिना चढते. भाऊ अजून त्या 15,000 वरून बोलतो.