जुनेपणाचे थर

जंगलातून लाकूड बाहेर काढण्यासाठी टाकलेली छोटी रेल्वे हा मॉडेल करणाऱ्यांचा जगभर आवडता विषय आहे. अशा रेल्वेत सगळेच कामापुरते असते. एका दरीतली झाडे संपली की रूळ उखडून पुढच्या दरीत टाकायचे, पूल तिथल्याच ओंडक्यांचे बांधायचे, आणि डबा म्हणजे चाकांवर ठेवलेली चौकट. रंगरंगोटीला कोणाला सवड नसते, त्यामुळे गंज, काजळी आणि चिखल लवकर चढतात. अमेरिकेत एफ्रेम शे यांनी १८८१ मध्ये याच कामासाठी एका इंजिनाचे पेटंट घेतले. त्याचे सिलिंडर उजव्या अंगाला उभे, तोल राखण्यासाठी बॉयलर डावीकडे सरकवलेला, आणि दातेरी चाकांनी सगळी चाके फिरणारी. तीव्र चढावर, वेड्यावाकड्या रुळांवर ते टिकून राही. पुढे कॅलिफोर्नियात मॉन्टेरे येथे जॉन ॲलन यांनी घरात उभारलेल्या ‘गोरी अँड डिफिटेड’ या काल्पनिक रेल्वेने मॉडेलवर वापराच्या आणि वयाच्या खुणा उमटवण्याची कला नावारूपाला आणली. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच ते काम आगीत गेले. छायाचित्रे मात्र आजही अभ्यासली जातात.

मराठी मुलखाला देखाव्याचे वेड नवे नाही. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले होतात, गणपतीपुढे हलते देखावे उभे राहतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले आणि या छंदाला महाराष्ट्रात एक पत्ता मिळाला. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कोणाची हरकत नसते. रेल्वेच्या देखाव्यात मात्र पहिली अट प्रमाणाची. मराठी माणसाने लाकडाच्या रेल्वेचा देखावा करायचा तर ओरेगनच्या सूचिपर्णी जंगलांकडे जाण्याची गरज नाही. गुजरातेतला बिलिमोरा–वघई हा मार्ग जवळ आहे.

इंग्रजांनी १८४२ मध्ये डांगचे जंगल तिथल्या भिल राजांकडून पट्ट्याने घेतले, ते सागासाठी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने या जंगलाच्या तोंडापर्यंत रेल्वे नेली. १९१३ मध्ये सुरू झालेला हा ६३ किलोमीटरचा मार्ग डांगचा साग बिलिमोऱ्याच्या मोठ्या लाइनीपर्यंत आणून पोचवी. रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे बार्शी लाइट रेल्वे आणि यवतमाळच्या शकुंतलेइतकेच. ही काही ओंडक्यांवर टाकलेली तात्पुरती लाइन नव्हती, प्रवासीही तिने जात. पण वघईची लाकडाची वखार, कौलारू छपरे आणि सागाच्या राशी यांत देखाव्याला लागणारे सगळे काही आहे.

१:८७ या प्रचलित प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो. माणूस १९ मिलिमीटरचा, ६० सेंटिमीटर जाडीचा ओंडका ७ मिलिमीटरचा. सगळा मार्ग करायचा म्हटला तर ७२४ मीटर जागा लागेल, म्हणून एखादा कोपरा निवडायचा: वखारीची एक बाजू, एक सायडिंग, उतारावरची थोडी झाडे. २५ मीटरचा साग मॉडेलवर २९ सेंटिमीटरचा होतो. पुष्कळ जण झाडे बुटकी करून जागा वाचवतात, आणि तिथेच जंगलाचे झुडूप होते. रूळ कमी झाले तरी चालतील, झाडांची उंची कमी करू नये.

ऋतूही ठरवायचा असतो. हा निर्णय बहुतेक जण सर्वांत शेवटी घेतात. खरे तर तो पहिला हवा. सागाचे पान सहज अर्धा मीटर लांब असते, म्हणजे मॉडेलवर पाच-सहा मिलिमीटर. रंगवलेला भुसा किंवा स्पंज फांद्यांवर चिकटवून साग होत नाही. फार तर बाभूळ होते. फाल्गुन निवडला तर अडचण आपोआप सुटते. तेव्हा साग निष्पर्ण असतो, जमिनीवर तपकिरी पाचोळ्याचा जाड थर असतो, मधूनच पळस फुललेला असतो. तोड आणि वाहतूक कोरड्या दिवसांत चाले, त्यामुळे वखारही भरलेली दाखवता येते.

जुनेपण कसे चढते हे पाहायला नेवासे तालुक्यातले घोडेगाव चांगले, आणि फसवेही. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे हे गाव पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. डांगमध्ये त्याच्या कितीतरी पट. जुनेपण हवेतून आणि पाण्यातून येते, म्हणून दोन्हीकडचा गंज एकसारखा नसतो. घोडेगावच्या बाजारातल्या पत्र्याच्या शेडकडे निरखून पाहिले तर जस्ताची चकाकी आधी जाऊन पांढरट करडा रंग आलेला दिसतो, आणि तांबूस डाग पत्र्याच्या कापलेल्या कडेला व खिळ्यांच्या भोकांभोवती सुरू झालेले दिसतात. उसाच्या ट्रेलरवर साखळी जिथे रोज घासते तिथे लोखंड उघडे आणि लखलखीत, वीतभर अलीकडे गंजाची खपली. हे निरीक्षण थेट उपयोगी पडते: रुळाचा माथा चकचकीत, बाजू तपकिरी. पण इथले धुरळ्याचे, कोरडे जुनेपण उचलून जसेच्या तसे डांगमध्ये ठेवले तर देखावा खोटा पडतो. डांगच्या कौलांवर पावसाळ्यात शेवाळ चढते आणि उन्हाळ्यात ते काळे पडते. लाकडाचा जमिनीलगतचा भाग ओलीने काळवंडतो. गंजाचे ओघळ लांब, खाली उतरत गेलेले असतात.

म्हणून रंगाचा क्रम ऋतूंच्या क्रमाने लावावा. आधी वस्तू नवी असताना होती तशी रंगवायची, मग पावसाचे ओघळ, शेवाळाचा काळपट हात, आणि त्यावर, सर्वांत शेवटी, उन्हाळ्याची फिकट धूळ. धूळ आधी आणि ओघळ नंतर दिले तर वखार नुकतीच भिजल्यासारखी दिसते, मग भोवतालची जमीनही ओली दाखवावी लागते. इंजिनाचेही तसेच. धुराड्यापासून मागे काजळी, सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली कठीण पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ, चाकांपाशी तेलाने चिकटलेली माती. प्रत्येक डागाला कारण हवे. कारण सांगता येत नाही तो डाग पुसून टाकावा, कितीही सुंदर उतरला असला तरी.

साहित्यासाठी फारसे दूर जावे लागत नाही. गेरू हे मुळात लोहाचे ऑक्साइडच आहे, त्यामुळे गंजासाठी त्याच्याइतका खरा रंग दुसरा नाही; कोरडी पूड मऊ कुंचल्याने, ओघळ स्पिरिटमध्ये कालवून. उन्हापावसातले लाकूड करडे होते ते सूर्यप्रकाशाने त्यातले लिग्निन विघटित होऊन पावसाने धुऊन गेल्यामुळे. एवढा वेळ हाताशी नसतो, म्हणून बारीक पट्ट्यांना आधी बाभळीच्या सालीचा काढा द्यावा आणि वाळल्यावर, लोखंडी तारेचा काथ्या काही दिवस मुरवलेल्या व्हिनेगरचा हात फिरवावा. सालीतले टॅनिन आणि लोह एकत्र आले की लाकूड आतून करडे-काळे होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई होत असे ती याच रसायनावर. रंगाच्या थरापेक्षा हे सरस, कारण त्याखालून लाकडाच्या रेषा दिसत राहतात.

ओंडक्यांसाठी शेताच्या बांधावरच्या काटक्या चालतात, पण सरसकट नाही. कापलेल्या तोंडावर मधला मऊ गर मोठा दिसला की ओंडक्याची फांदी झालीच. घट्ट लाकडाची काटकी घ्यावी, तोंड बारीक करवतीने कापावे, मध्यभाग सोनेरी तपकिरी आणि कडेचे रसकाष्ठ फिकट रंगवावे. ताज्या कापाचे काही ओंडके राशीत वर ठेवावेत, खालचे करडे पडलेले असावेत. वखारीत माल येत-जात असतो हे एवढ्यावरून कळते.

जमिनीसाठी माती बारीक जाळीतून चाळून, तव्यावर भाजून घ्यावी म्हणजे बुरशी येत नाही. नंतर तिच्यावरून लोहचुंबक फिरवणे अत्यावश्यक आहे. दख्खनच्या काळ्या खडकाच्या मातीत चुंबकीय कण असतात. ते इंजिनाच्या मोटरीत ओढले जातात आणि मोटर बिघडते. चाळलेली माती पसरून, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडावे. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि गोंद कणांमध्ये मुरतो, वर थेंब धरून बसत नाही. काळी माती वाळताना आक्रसून तडकते, म्हणून थर पातळ आणि एकावर एक द्यावेत. डांगच्या जमिनीसाठी तीत थोडा गेरू आणि पाचोळ्याचा चुरा मिसळावा.

काम पुरे झाल्यावर खरी धूळ हा शत्रू ठरतो. एक दशांश मिलिमीटरचा कण १:८७ मध्ये जवळजवळ ९ मिलिमीटरचा खडा होतो, आणि कापसाचा तंतू दोरखंडासारखा पडून राहतो. महामार्गालगतच्या गावात देखावा आठवडाभर उघडा राहिला तरी हे दिसू लागते, म्हणून काचेची पेटी पहिल्या दिवसापासून हवी. वर मॅट वॉर्निश फवारले तर पुडीचे रंग गडद होतात आणि शेवटी दिलेली फिकट धूळ नाहीशी होते. त्यामुळे वॉर्निश त्या धुळीच्या आधी द्यावे, तिच्यावर काहीही फवारू नये, आणि पेटी खिडकीतल्या थेट उन्हापासून दूर ठेवावी.