मधमाश्यांच्या मासिकातलं विमान

पाचगणी,
नोव्हेंबर, सोमवार

प्रिय मंदा,

तुझं पत्र पोचलं आणि नातवाचा पेचही कळला. राइट बंधूंच्या डेटन गावात, त्यांच्या नावाच्या रस्त्यांवरून चालत शाळेत जाऊन, पोरगं वर्गात उभं राहून सांगतं की पहिलं विमान मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये चौपाटीवर उडवलं. धाडसाबद्दल त्याला माझ्याकडून शाबासकी दे. पण बाईंनी पुरावा मागितला म्हणून तो फुरंगटून बसलाय आणि तू तो पुरावा माझ्याकडे मागतेस. बाई गं, पुरावा नाही. असता तर परवाच पाठवला असता.

तळपदे हा माणूस मात्र खरा, बरं का. जन्म 1864 चा, जे. जे. कलाशाळेत शिकवणारा, संस्कृत ग्रंथांत विमानविद्या शोधणारा. असं वेड असलेला माणूस मला आवडतो. पण गोष्ट पुढे फुगत गेली. पाऱ्यावर चालणारं यंत्र, दीड हजार फूट उंची, समोर बडोद्याचे सयाजीराव आणि न्यायमूर्ती रानडे. तेव्हाच्या मुंबईत इंग्रजी-मराठी वर्तमानपत्रं निघत होती. चौपाटीवर हत्ती आला तरी बातमी व्हायची. एवढी मोठी गोष्ट घडली, तर त्या वेळचं कात्रण कुठे आहे? ‘अमक्या पत्रात आलं होतं’ असं सगळे सांगतात, अंक कोणी पुढे ठेवत नाही.

तळपद्यांच्या जोडीला ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा हवाला देतात, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच प्राध्यापकांनी 1974 मध्ये तपासला. त्यांना आढळलं की मजकूर 1904 च्या आधीचा नाही, आणि त्यातल्या आकृत्यांबरहुकूम यंत्र बांधलं तर ते उडणार नाही. ही संस्था आपलीच. तिथल्या विमानविद्या विभागाचा पाया घालणारा माणूस तर आपल्या कोल्हापूरकडचा. त्याच्याकडे मी येतेच.

आधी तुझ्या गावची गोष्ट, कारण ती मला फार आवडते. डिसेंबर 1903 मध्ये किटी हॉकच्या वाळूत ऑर्व्हिल बारा सेकंद उडाला, 120 फूट, हे पोरांना पाठ असतं. त्याच दिवशी त्याच्या भावाने, विल्बरने, 59 सेकंदांत 852 फूट गाठले, मग वाऱ्याने यंत्र उलटंपालटं करून मोडून टाकलं. खरं शिकणं पुढे झालं, ते तुझ्या गावाबाहेरच्या हफमन प्रेअरीत. सावकार हफमनचं कुरण, त्यात गायी चरायच्या. त्या हाकलून मग विमान रुळावर चढवायचं. वळता येत नव्हतं, सरळ उडायचं आणि उतरायचं. 20 सप्टेंबर 1904 ला पहिल्यांदा पूर्ण गोल फेरी झाली.

ती फेरी पाहायला एक पाहुणा होता, ॲमॉस रूट. ओहायोतल्याच मदीना गावचा मध-व्यापारी, मधमाश्यांच्या पेट्या विकणारा आणि त्यांच्यावर मासिक काढणारा. डेटनच्या पेपरवाल्यांना त्या कुरणात काय चाललंय याची फारशी फिकीर नव्हती. रूट मात्र तुटपुंज्या रस्त्यांवरून मोटार हाकत आला, डोळ्यांनी पाहिलं, आणि जानेवारी 1905 मध्ये ते सविस्तर छापलं. कुठे? आपल्या मधमाश्यांच्या मासिकात! पोळी, राणीमाशी, मेण यांच्या पानांत जगातल्या पहिल्या गोल उड्डाणाचं प्रत्यक्षदर्शी वर्णन. इथे शेजारी महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला 2022 पासून ‘मधाचं गाव’ म्हणतात. तिथल्या एका मधपाळाला हे सांगितलं, तर तो खो खो हसत म्हणाला, ‘म्याडम, आम्ही माश्या बघतो, इमान बघायला कुणी बोलवत नाही.’

नातवाला हेच दाखव. रूट कोणी शास्त्रज्ञ नव्हता, पण तो अंक आजही उघडून वाचता येतो. चौपाटीवर हजारो लोक जमले म्हणतात आणि एकही मधमाश्यांवाला निघाला नाही?

बरं, फक्त आपणच असं करतो अशी समजूत नको. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने आपल्या प्रमुखाचं, लँगलीचं, यंत्र ‘उडण्याजोगं पहिलं’ म्हणून मांडून ठेवलं होतं. ते यंत्र 1903 च्या ऑक्टोबरात आणि डिसेंबरात दोनदा पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. पुढे 1914 मध्ये त्यात मुकाट्याने बदल करून उडवून दाखवलं. ऑर्व्हिल इतका चिडला की त्याने आपलं मूळ विमान 1928 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिलं. संस्थेने 1942 मध्ये चूक कबूल केली, विमान परतलं 1948 मध्ये, तोवर ऑर्व्हिल गेला होता. आहे की नाही गंमत? पहिला कोण, या भांडणात सरकारी संस्थाही घसरतात.

आणि राइट बंधूंचा मोठेपणा बारा सेकंदांत नाही, हे मी वर्गात घसा कोरडा होईतो सांगायचे. लिलिएंथाल नावाच्या जर्मन माणसाने टेकडीवरून सुमारे दोन हजारदा झेप घेतली आणि 1896 मध्ये पडून मेला. पंखाला हवा किती उचलते याची त्याची कोष्टकं जुळेनात, तेव्हा या दोघा सायकलवाल्यांनी 1901 मध्ये आपल्या दुकानातच लाकडी वाऱ्याची पेटी बनवली आणि दोनेकशे चिमुकले पंख त्यात तपासले. मग वळायचं कसं, तोल कसा सावरायचा, हे बसवलं. इंजिन त्यानंतर. म्हणून ‘इंजिन पाऱ्याचं होतं’ असं कोणी सांगितलं, की मी पहिला प्रश्न विचारते: आणि वळायचं कशाने?

हे प्रश्न मला इथल्या टेबललँडच्या पठारावर फार सुचतात. पाऊस संपला की इथे पॅराग्लायडिंगवाले येतात. कडा तापतो, कृष्णेच्या खोऱ्यातून वारा वर चढतो आणि त्या उभ्या वाऱ्यावर माणसं तरंगत राहतात. इंजिन नाही, काही नाही. मुलांना मी सांगायचे, हा लिलिएंथालचाच धडा, फक्त कापड बरं मिळालंय. 

आता आपली माणसं. पोराला अभिमानच हवा असेल तर हे घे. सांगलीच्या वालचंद कॉलेजात तुझा भाऊ शिकला, पण ते वालचंद कोण, हे कोणी सांगितलं का? सोलापूरचे वालचंद हिराचंद. 1939 मध्ये पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याशी पडली, आणि बोलण्यातून हिंदुस्थानात विमान कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली, डिसेंबर 1940 मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली, दुसऱ्या वर्षी पहिलं विमान उडालं. नमुना अमेरिकी होता, हे मान्य. युद्धात सरकारने कंपनी ताब्यात घेतली. आजची एच.ए.एल. ती हीच.

तिथे मघाशी म्हटलेले कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे होते. 1908 चा जन्म, गडहिंग्लज तालुक्यातलं हसूरचंपू. पुढे जर्मनीत ग्योटिंगनला प्रान्टल यांच्याकडे डॉक्टरेट. हे प्रान्टल म्हणजे हवेच्या वाहण्याचं सगळं आधुनिक गणित ज्यांच्यापासून सुरू होतं, ते. घाटग्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत 1942 मध्ये विमानविद्येचा विभाग सुरू केला आणि एच.ए.एल.मध्ये एचटी-2 आखलं: दोन बसायच्या जागा, शिकाऊ वैमानिकांसाठी. ऑगस्ट 1951 मध्ये ते उडालं. भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं पहिलं इंजिनाचं विमान. हवाई दलातल्या वैमानिकांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर शिकल्या. 1964 मध्ये उडालेलं किरण जेटही घाटग्यांच्याच हाताखालच्या चमूचं. हसूरचंपूची गोष्ट कोणाच्या व्हॉट्सॲपवर आली का? माझ्या तरी नाही.

जे.आर.डी. टाटांबद्दल तू ऐकलं असशील, म्हणून थोडक्यात. पॅरिसमध्ये जन्मलेलं पोर, सुट्टीत फ्रान्सच्या किनाऱ्यावर 1909 मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओच्या शेजारी. हिंदुस्थानातला पहिला परवाना, 10 फेब्रुवारी 1929. आणि 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन पुसमॉथ विमानातून अहमदाबादमार्गे जुहू. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा, तेव्हा हा मुक्काम पुण्याला हलवायचे. विमानाचा पावसाळी मुक्काम पुण्यात, मला हे फार ओळखीचं वाटतं.

आणि सगळ्यात आवडता तो आपल्या सातारा जिल्ह्याचा, पाटणकडचा कॅप्टन अमोल यादव. प्रवासी विमानं चालवायचा आणि कांदिवलीतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर स्वतःचं सहा आसनी विमान बांधायचा. जिन्याने भाग वर न्यायचे आणि गच्चीवर जोडायचे. फेब्रुवारी 2016 मध्ये क्रेनने खाली उतरवून ते वांद्र्याच्या प्रदर्शनात ठेवलं. नोंदणीसाठी खेटे, नोव्हेंबर 2017 मध्ये नोंदणी, आणि 2020 मध्ये धुळ्याला उड्डाण. सायकलच्या दुकानात राइट बंधू, गच्चीवर यादव! त्याला घरचेही वेडा म्हणाले असतील, पण कागद होते, तारखा होत्या, मोजमापं होती.

नातवाला सांग, बाईंना घाटग्यांचं नाव सांगायचं आणि तारखेसकट सांगायचं. रुसवा सोड म्हणावं.

तुला मात्र एक काम. डिसेंबरची थंडी कडक व्हायच्या आत हफमन प्रेअरीवर जा. कुरण खरंच किती लांब आहे, तेव्हाच्या ट्रॉलीच्या थांब्यापासून किती अंतर होतं आणि भोवती झाडं होती की मोकळं होतं, हे मला लिही. इथल्या पठाराच्या मापाशी लावून बघायचंय. तू मसाला मागितला होतास, तो परवा टाकतेय, भाजणीबरोबर.

तुझी,
वैजू